ट्रॅक्टर, अण्णांचा पाना आणि आपण कोडवाले

परवा गावी गेलो होतो. ऐन पेरणीत काकांचा जुना ट्रॅक्टर बंद! मी आपला मेकॅनिकचा नंबर शोधतोय, तोवर शेजारचे अण्णा पाना घेऊन हजर. "टाकी कोरडी होईस्तोवर चालवलास ना? लाइनीत हवा शिरली." डिझेल फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंप मारत राहिले. आधी बुडबुडे, मग नुसतं डिझेल. स्क्रू आवळला, स्टार्टर मारला, झालं काम. वर जाता जाता सल्ला, "मळणीच्या धुळीत एअर क्लीनरचं ऑइल रोज बघत जा."

हे शहाणपण बांधाबांधावरून फिरतं, कारण मशीन उघडता येतं. नव्या ट्रॅक्टरांचं काय? भारतात जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना 'ट्रेम ४' नियम लागू झाले आणि इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल इंजिनं आली. धूर कमी झाला, उत्तमच. पण डिझेल कधी, किती सोडायचं हे आता कंट्रोलर ठरवतो. तो रुसला तर अण्णांचा पाना काय करणार?

अमेरिकेत शेतकरी यावरच भांडले. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला, २०२४ पासून लागूही झाला : दुरुस्तीची मॅन्युअलं, सुटे भाग, सॉफ्टवेअर मालकालाही मिळायला हवं.

मला वाटतं, आपल्याकडेही हे हवं. एरर कोडचा अर्थ मालकापासून लपवायचा, हे काही इंजिन ठरवत नाही. आपल्यासारखाच कुणीतरी एसीत बसून ते लिहितो. अण्णांना निदान कोड तरी वाचू द्या, बाकीचं गाव बघून घेईल!