वेल्डिंग मशीन घेण्यापूर्वी



खानदेशातील आपल्या समाजातल्या कितीतरी घरांचा लोखंडाशी दोन-तीन पिढ्यांचा संबंध आहे. अँगल, चॅनल, पट्टी, पत्रा यांची वजने आणि भाव आपल्याला तोंडपाठ असतात. मात्र तेच लोखंड जोडायची वेळ आली, की ते काम आपण दुसऱ्याचे मानतो. माझे मोठे बंधू जळगावला लोखंडाची पेढी चालवतात. त्यांच्या नातवाने, म्हणजे माझ्याही नातवाने, बारावीनंतरच्या सुट्टीत वेल्डिंग मशीन मागितले, तेव्हा घरात दोन दिवस शांतता होती. "विकायचे सोडून जोडायला निघाला," एवढेच बंधू म्हणाले. मी मध्यस्थी केली, आणि ‘आधी मी शिकतो, मग त्याला शिकवू’ असे बोलून बसलो. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी हा छंद मला असा लागला. गेल्या वर्षभरात जे शिकलो, जे चुकलो, ते या महिन्याच्या लेखात मांडतो.

आरंभ चुकीने करणेच योग्य. मशीन घरी आले त्या दिवशी मुखवटा आलेला नव्हता. दुकानदाराने दिलेला काळा चष्मा लावून मी तीन-चार रॉड जाळून पाहिले. चष्म्याच्या कडेने प्रकाश आत येत होता, पण त्या वेळी काहीच त्रास झाला नाही. रात्री एकच्या सुमारास मात्र डोळ्यांत वाळू भरल्यासारखे वाटू लागले. पाणी थांबेना, पापणी उघडेना. विजेच्या ठिणगीतील अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पडदा भाजतो आणि त्याची वेदना काही तासांनी जागी होते, हे सकाळी नेत्रतज्ज्ञांनी समजावले. बटाट्याच्या चकत्या, दूध असले घरगुती उपाय करू नका, असेही त्यांनी बजावले. दोन दिवसांत डोळे बरे झाले.

त्या रात्री डोळे मिटून पडलो असताना एक जुनी फाइल आठवली. १९९३ साली पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. त्यानंतर काही वर्षांनी मी धुळे जिल्ह्यातील एका शाखेत कर्जविभाग पाहत होतो. आग्रा रोडला फॅब्रिकेशनचा गाळा टाकू इच्छिणाऱ्या एका तरुणाचे प्रकरण माझ्याकडे आले. त्याच्या दरपत्रकात वेल्डिंग सेट, ग्राइंडर, ड्रिल यांखाली एक ओळ होती : मुखवटे, हातमोजे, अग्निशामक. ही ओळ ‘अनुत्पादक खर्च’ असा शेरा मारून मी लाल शाईने खोडली. कर्जाची रक्कम थोडी कमी झाली, प्रस्ताव नेटका दिसू लागला. त्या नेटकेपणाचे मला समाधान वाटले होते, हेही आठवते.

डोळे बरे झाल्यावर मी धुळ्याला गेलो. गाळा आहे आणि आता मुलगा तो चालवतो. माझ्या त्या कर्जदाराने मला लगेच ओळखले. खोडलेली ओळ त्याला आठवत नव्हती. "पहिली पाच वर्षे काळ्या काचेचा तुकडा हातात धरून काम केले साहेब, तेव्हा सगळेच तसे करायचे," तो सहज म्हणाला. त्याच्या एका डोळ्याला आता कमी दिसते. कारण तेच, असे मी म्हणू शकत नाही. तो तर म्हणतच नाही. संवत्सरीला आपण सर्वांना ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणतो, पण ज्यांचे काही बिघडवल्याची शंका असते, त्यांच्या दारी क्वचितच जातो. मी हात जोडले. तो संकोचला आणि विषय बदलण्यासाठी म्हणाला, "मशीन कोणते घेतले ते तरी सांगा." पुढचे बहुतेक शिक्षण मला त्याच्याकडून मिळाले.

आता मुख्य विषयाकडे. घरगुती छंदासाठी चार मार्ग समोर येतात. कार्बाइडच्या किंवा सिलिंडरच्या गॅसचे वेल्डिंग घराच्या आवारात आणूच नये. त्या साठवणुकीचा धोका घराला परवडणारा नाही. मिग पद्धतीत तार आपोआप पुढे येते व काम सोपे वाटते. पण गॅसचे सिलिंडर सांभाळावे लागते आणि उघड्यावर वाऱ्याने गॅस उडून जोड सच्छिद्र होतो. टिग पद्धत सुबक खरी, मात्र तिला आर्गॉन, स्थिर हात आणि अधिक पैसा लागतो. उरते ते रॉडचे साधे आर्क वेल्डिंग. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी.

लिलावात किंवा भंगारात जुना ट्रान्सफॉर्मर सेट स्वस्तात मिळतो, त्याच्या मोहात पडू नये. तो उचलायला दोन माणसे लागतात आणि बहुधा दोन फेजचा पुरवठा लागतो. घरी असते सिंगल फेज. आजचे इन्व्हर्टर मशीन घरच्या २३० व्होल्टवर चालते आणि एका हाताने उचलता येते. दोनशे अँपिअरचे मशीन छंदासाठी पुरून उरते. माझी दुसरी चूक इथे झाली. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा पाहून मी पहिले मशीन पसंत केले होते. बँकेत आम्ही ताळेबंदाच्या पहिल्या पानावर कधी विश्वास ठेवत नसू, खालच्या टिपा वाचत असू. मशीनच्या मागची पट्टी ही ती टीप होय. तिच्यावर ‘ड्युटी सायकल’ लिहिलेली असते. दोनशे अँपिअरला साठ टक्के, याचा अर्थ दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. हे मोजमाप साधारणपणे ४० अंश तापमान गृहीत धरून केलेले असते. आपल्या जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा मशीनला विश्रांती अधिक द्यावी लागते. ज्या मशीनवर ही पट्टीच नाही, ते घेऊ नये.

विजेची व्यवस्था मशीनआधी करावी. घरातील साध्या प्लगवर हे काम करू नये. परवानाधारक वायरमनकडून मीटरपासून स्वतंत्र लाइन, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, ३२ अँपिअरचा एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग करून घ्यावे. वीजबिलावरील मंजूर भाराचा आकडाही पाहून घ्यावा. कामाच्या तुकड्याला लावतात तो अर्थ क्लॅम्प आणि मशीनच्या सुरक्षेचे अर्थिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीने दुसरीची उणीव भरून निघत नाही. ओल्या फरशीवर, घामेजल्या हातांनी, अनवाणी काम करू नये. कोरड्या लाकडी फळीवर उभे राहावे. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे, अशा माझ्या समवयस्कांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या यंत्राजवळ जाऊ नये.

रॉड घेताना ‘६०१३’ हा क्रमांक मागावा. नवशिक्याच्या हाताला तो सर्वांत सोसतो. जाडी अडीच मिलिमीटर, आणि सरावासाठी लोखंडाची पट्टी पाच मिलिमीटरची. प्रवाह ६० ते ९० अँपिअरच्या दरम्यान ठेवून, रॉड चिकटत असेल तर थोडा वाढवावा, पट्टीला भोक पडत असेल तर कमी करावा. ७०१८ क्रमांकाचा रॉड अधिक बळकट जोड देतो, पण त्याला भट्टीत तापवून कोरडा ठेवावा लागतो; तो पुढे पाहू. माझ्या गुरूने पहिले पूर्ण पाकीट नुसत्या सपाट पट्टीवर रेघा ओढण्यात संपवायला लावले. रॉडचे टोक आणि लोखंड यांतील अंतर रॉडच्या जाडीएवढे राहिले पाहिजे, ही एकच गोष्ट साधायला मला तीन आठवडे लागले. नातवाला चार दिवस!

आता ती खोडलेली ओळ. कर्ज देताना बँक कर्जदाराला स्वतःचा हिस्सा, म्हणजे मार्जिन, आधी आणायला सांगते. सुरक्षेचा खर्च हा आपला मार्जिन मानावा. तो आधी भरावा, मगच मशीन घ्यावे. मुखवट्याची काच दहा किंवा अकरा क्रमांकाची असावी. ठिणगी पडताच आपोआप काळी होणारी काचही मिळते. वर आलेली खपली ठोकताना आणि ग्राइंडर चालवताना पारदर्शक चष्मा हवाच. कपडे जाड सुती, पूर्ण बाह्यांचे. टेरिलीन वितळून अंगाला चिकटते. हातमोजे आणि एप्रन सर्वत्र चामड्याचे असतात. आपल्यापैकी अनेकांना ते चालणार नाहीत, मलाही चालले नाहीत. अ‍ॅरामिड धाग्याचे, उष्णतेसाठी तपासलेले हातमोजे आणि आग न पकडणाऱ्या जाड सुती कापडाचा एप्रन शोधल्यास मिळतो. अडीच मिलिमीटरच्या रॉडच्या हलक्या कामाला मला तो पुरला. साधे कापडी वा रबरी हातमोजे मात्र कदापि वापरू नयेत.

जस्ताचा थर दिलेला पत्रा वा पाइप तसाच जोडू नये. त्याच्या धुराने ताप भरतो. थर आधी घासून काढावा आणि काम मोकळ्या हवेत करावे. तेलाचा वा इंधनाचा रिकामा डबा, पिंप, टाकी यांना रॉड लावूच नये. आत उरलेली वाफ स्फोटास पुरेशी असते. आपल्या घरांमागेच अनेकदा गोदाम असते. सरकी, कापूस, बारदान यांपासून हे काम दूर ठेवावे. वाळूची बादली आणि अग्निशामक हाताशी असावा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. ठिणगी उशिरानेही पेट घेते. पेढीच्या आवारात काम करणार असाल, तर आगीच्या विम्याची पॉलिसी वाचून विमा कंपनीला लेखी कळवावे. आणि एक पडदा अवश्य लावावा, कारण गल्लीतली मुले हा प्रकाश पाहायला थांबतात. माझ्या डोळ्यांचे जे झाले, ते त्यांचेही होईल.

एक प्रश्न बंधूंनी विचारला, तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. श्रावकाच्या सातव्या व्रताच्या विवेचनात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, आणि त्यांत पहिलेच अंगारकर्म. आठवे व्रत तर अनर्थदंडाचे, म्हणजे निष्प्रयोजन हिंसेचे. मग अग्नीचा हा छंद श्रावकाला शोभतो का? कर्मादानांचा विचार उपजीविकेच्या संदर्भात आहे, एवढे म्हणून मी सुटू शकलो असतो. पण छंदाला तर आठवे व्रत अधिकच लागू होते. म्हणून मी परिमाण बांधून घेतले. आठवड्यातून एक दिवस, दोन तास, आणि सराव संपल्यावर ज्या वस्तूची गरज आहे तीच करायची. सूर्यास्तानंतर कधीही नाही, कारण रात्री या प्रकाशावर कीटक झेपावतात. चातुर्मासात पूर्ण बंद. गंमत अशी, की गुरूचा सल्लाही तोच होता : पावसाळ्यात विजेचा धक्का बसण्याचा धोका वाढतो आणि रॉड ओलावा धरतात. हे परिमाण पुरेसे आहे की नाही, ते प्रत्येकाने आपापल्या गुरुदेवांना विचारावे. मी निर्णय देत नाही.

नातवाला पुढे याच विषयात जायचे असेल, तर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे अशी संस्था आहे. वाकोदसारख्या गावातून आलेल्या भवरलालजी जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांवर केरोसीनचा व्यापार सुरू केला आणि पुढे ते स्वतः पाइप बनवू लागले, हे आपण अभिमानाने सांगतो. विकणाऱ्याने बनवायला शिकावे, यात कमीपणा कसला? बंधूंना हे पटले, असे मात्र नाही. तरी उन्हाळ्यात नातवाने पक्ष्यांच्या पाण्याच्या परळांसाठी तीन स्टँड केले, तेव्हा त्यांतला एक त्यांनी पेढीच्या दाराशी ठेवला. त्याचा एक पाय किंचित आखूड आहे. खाली त्यांनी पत्र्याचा तुकडा सरकवला आहे.

कार्तिकी पौर्णिमा झाली. हवा कोरडी आणि थंड आहे. कोणाला आरंभ करायचा असेल, तर हे चार महिने योग्य. दरपत्रक मागवताना सुरक्षेची ओळ सर्वांत वर लिहायला सांगा.