प्रवासवर्णन पुष्कळ, वास्तव्यवर्णन कुठे?

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. विष्णुभट गोडसे यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'माझा प्रवास'पासून पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'पर्यंत (१९६०) आणि तेथून पुढे आजच्या सहलवृत्तांपर्यंत ही वाट चांगलीच रुळली आहे. वर्गात आपण हा प्रकार शिकवतो, त्याची लक्षणे सांगतो आणि विद्यार्थी ती परीक्षेत लिहितात. परंतु या परंपरेत एक मोठी उणीव आहे आणि तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. परदेशाविषयीचे आपले बहुतेक लेखन परतीचे तिकीट खिशात असलेल्या माणसाचे आहे. अनोळखी गावात जाऊन तेथे राहणारा, भाड्याची खोली घेणारा, भाजीवाल्याशी घासाघीस करणारा आणि हळूहळू त्या गावाचा होणारा माणूस मराठी गद्यात क्वचितच भेटतो.

हा फरक केवळ मुक्कामाच्या लांबीचा नाही. प्रवाशापुढे प्रश्न असतो, काय पाहावे. राहणाऱ्यापुढे प्रश्न असतो, उद्या सकाळी पाणी किती वाजता येईल. प्रवाशाला आश्चर्य परवडते, किंबहुना तेच त्याचे भांडवल असते. राहणाऱ्याला मात्र आश्चर्य लवकर संपवावे लागते, कारण त्याशिवाय दिवस पुढे सरकत नाही. प्रवाशाच्या चुकांना पाहुणा म्हणून क्षमा असते. ती सवलत राहणाऱ्याला फार तर दोन-तीन महिने मिळते, त्यानंतर शेजारी त्याला शेजाऱ्याच्या मापाने मोजू लागतात. या मोजमापातून जे लेखन येईल त्याला, दुसरा शब्द नाही म्हणून, मी वास्तव्यवर्णन म्हणतो.

असे लेखन मराठीत अजिबात नाही असे नाही. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत राहिल्या आणि १८८९ मध्ये त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झाले. या शीर्षकातला क्रम पाहण्यासारखा आहे. तेथे लोकस्थिती आधी येते आणि प्रवास नंतर. धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' (१९२४) नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश, अमेरिका असे फिरते, पण फिरणारा माणूस पर्यटक नाही. तो शिकायला आणि पुढे शिकवायला गेलेला आहे. दिलीप चित्रे १९६० ते १९६३ ही वर्षे इथिओपियात शिक्षक होते आणि 'शिबा राणीच्या शोधात' हे त्यांचे पुस्तक त्या अनुभवाशी जोडलेले आहे. चित्रे यांच्या कवितेवर आणि तुकारामाच्या अनुवादांवर आपल्याकडे जितकी चर्चा होते, तिच्या मानाने या पुस्तकाची होत नाही. ते प्रवासवर्णनाच्या कप्प्यात नीट मावत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

चित्रे यांचा उल्लेख मी मुद्दाम केला. त्याच देशाच्या राजधानीत, अदिस अबाबात, मी २००६ ते २००९ अशी तीन वर्षे शिकवत होतो. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात भारतीय शिक्षक तेथे मोठ्या संख्येने गेले होते. माझी पिढी त्याच वाटेवरची उशिराची. तेव्हा वास्तव्य म्हणजे नेमके काय, हे सांगण्यासाठी त्या शहराचाच आधार घेतो.

अदिस अबाबा एन्तोतो डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर वसले आहे. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराहून ते सातशे मीटर वर आहे. भिवंडीसारख्या खाडीकाठच्या गावातून गेलेल्या माणसाला ही उंची प्रथम जिन्यावर धाप लागून कळते आणि मग स्वयंपाकघरात. तेथे पाणी साधारण ९२ अंशांना उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यातले वरण तासभर ठेवले तरी डाळ अख्खीच राहते. पर्वताच्या सान्निध्याविषयी प्रवासी धुके, सूर्योदय आणि निलगिरीची राने लिहील. राहणाऱ्याच्या दृष्टीने पर्वत म्हणजे कुकरची एक शिट्टी अधिक आणि जुलैच्या पावसात न वाळणारे कपडे. दुसरे वर्णन पहिल्याइतकेच खरे आहे, पण साहित्यात प्रवेश मिळतो तो पहिल्याला.

राहणाऱ्याचा पहिला आधार म्हणजे तुलना. हरभऱ्याच्या किंवा तत्सम कडधान्याच्या पिठाचे, मसाला घातलेले घट्ट कालवण समोर आले आणि त्याचे नाव 'शिरो' आहे असे कळले, की मराठी माणूस म्हणतो, हे तर पिठले. मसुरीला तेथे 'मिसिर' म्हणतात, तेही ओळखीचेच वाटते. बुधवारी आणि शुक्रवारी तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक उपवास करतात, म्हणजे मांस, दूध, अंडी वर्ज्य. शाकाहारी माणसाला 'त्सोम', अर्थात उपवास, हा एक शब्द आला की कोणत्याही खानावळीत जेवण मिळते. लिपी शिकू लागलो तर प्रत्येक व्यंजनाची सात स्वररूपे समोर येतात आणि बाराखडी घोकलेल्या माणसाला आपण घरीच असल्याचा भास होतो.

ही तुलना उपयोगी असली तरी ती मोडल्याशिवाय वास्तव्य सुरू होत नाही. तेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ काही दिवस आंबवून केलेला इंजेरा म्हणजे 'त्यांची आंबोळी', हे वाक्य प्रवासवर्णनात शोभून दिसते. प्रत्यक्षात इंजेरा हा पदार्थही आहे, ताटही आहे आणि चमचाही. मोठ्या गोल इंजेऱ्यावर कालवणे वाढतात आणि चार-पाच जण त्या एकाच ताटातून जेवतात. आपल्या मनातली उष्ट्या-खरकट्याची सगळी रचना तेथे निरुपयोगी ठरते. त्याहून पुढे 'गुर्शा' येतो. यजमान स्वतःच्या हाताने घास करून तो पाहुण्याच्या तोंडात घालतो. आपल्याकडे घास भरवायचा तो लहान मुलाला, आजाऱ्याला किंवा लग्नात नवऱ्या-नवरीने एकमेकांना. पन्नाशीचा सहकारी भरल्या खानावळीत आपल्या तोंडापुढे घास धरतो तेव्हा आपल्या संस्कृतीतला एकही कप्पा त्याला लागू पडत नाही. तोंड उघडणे एवढेच हाती उरते. हा क्षण लिहिता येणे हीच माझ्या मते वास्तव्यवर्णनाची कसोटी आहे, कारण येथे परका देश आपल्या नजरेसमोर नसतो, आपणच त्याच्या हातात असतो.

घड्याळाचेही तसेच. तेथे तास सूर्योदयापासून मोजतात. घरमालकीण म्हणाली की दोन वाजता पाणी येईल, तर ते आपल्या हिशेबाने सकाळचे आठ. तीस दिवसांचे बारा महिने आणि पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा महिना असे त्यांचे वर्ष असते आणि ते आपल्या रूढ सनाच्या सात-आठ वर्षे मागे चालते. म्हणूनच त्या देशाने २००० सालाचे स्वागत १२ सप्टेंबर २००७ रोजी केले. पर्यटकासाठी ही गंमत आहे. विषुववृत्ताच्या जवळ, वर्षभर दिवसमान फारसे न बदलणाऱ्या प्रदेशात सूर्योदयाला शून्य मानणे हे किती व्यवहार्य आहे, हे मात्र तेथे राहूनच पटते. आपल्या पंचांगातला वारही सूर्योदयालाच बदलतो, याची आठवण नंतर होते.

वास्तव्य केवळ सवयी बदलून थांबत नाही, ते आपल्या शब्दांचीही झडती घेते. त्या पठारावरचे अनेक लोक स्वतःला अभिमानाने 'हबेशा' म्हणवतात. आपल्या भाषेत तोच शब्द 'हबशी' झाला. जंजिऱ्याच्या सिद्द्यांमुळे आणि मलिक अंबरामुळे तो इतिहासात आला आणि बोलण्यात मात्र काळ्या माणसाला हिणवण्यासाठी उरला. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनेत आला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगरांनी वेढलेल्या परक्या मुलखात येऊन त्याने तेथे पाण्याचे नहर बांधले आणि १६२६ मध्ये तो तेथेच वारला. परक्या गावात स्थायिक होण्याची याहून मोठी कथा आपल्या भूमीवर क्वचितच सापडेल. आपण ती राजकारणाची आणि लढायांची कथा म्हणून वाचतो. तो या मातीत रुळला कसा, हा प्रश्न आपल्याला पडत नाही.

येथे मूळ मुद्दा भिवंडीत येऊन पोचतो. अदिस अबाबाच्या उत्तर टोकाला, एन्तोतोच्या चढाखाली, शिरो मेदा नावाची वस्ती आहे. देशाच्या दक्षिणेकडील गामो डोंगराळ भागातून आलेले दोर्झे विणकर तेथे राहतात, हातमागावर सुती वस्त्रे विणतात. परक्या शहरात त्यांच्या धोट्याचा आवाज ओळखीचा वाटला, कारण माझे गाव मागांचेच. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातून विणकर येथे आले, तेलंगणातून पद्मशाली आले, आणि हातमागांचे यंत्रमाग झाले. आज गोदामांमुळे आणखी दूरदूरची माणसे येत आहेत. कामवारीकाठच्या या गावात परक्या गावी रुळणे ही कोणा एकाची कहाणी नाही, तो येथला रोजचा व्यवहार आहे.

तरीही मराठी साहित्यातली भिवंडी म्हटली की काय आठवते? यंत्रमाग, गर्दी आणि दंगल. ही भिवंडी बहुतांशी बाहेरून पाहिलेली आहे, म्हणजे एका अर्थी प्रवासवर्णनातली आहे. पद्मानगरमधल्या तेलुगू घरात पहिली मराठी पाटी कोणी वाचली, मऊहून आलेल्या बाईने कोकणातला पहिला पावसाळा कसा काढला, घरमालकाचे 'अहो-जाहो' आणि मुकादमाचे 'अरे-तुरे' यांतला फरक तिला कधी कळला, हे कोणी लिहिलेले नाही. आणि येथेच आपल्या दृष्टीतली विसंगती उघडी पडते. परदेशी राहूनही ज्याने आपले काही सोडले नाही त्या मराठी माणसाचे आपण कौतुक करतो, आणि भिवंडीत येऊन ज्याने आपले काही सोडले नाही त्याच्याविषयी तक्रार करतो. दोन्ही ठिकाणी माप एकच असायला हवे. राहणाऱ्याने गावाची भाषा शिकावी, ही अपेक्षा रास्त आहे. अदिसमध्ये माझ्याकडूनही ती होती आणि ती योग्यच होती. पण तेथे अडखळणाऱ्याला लोक 'आयझोह' म्हणतात, म्हणजे धीर धर, जमेल. या अपेक्षेला त्या शब्दाची जोड आपण देतो का?

परदेशस्थ मराठी माणसे आज भरपूर लिहितात, मग उणीव कसली, असे कोणी विचारील. त्या लेखनाची मला किंमत आहे. परंतु त्यातले पुष्कळसे लेखन जे मागे राहिले त्याविषयी असते: गणपती, फराळ, आईच्या हातची पोळी. स्मरणरंजन हे प्रवासवर्णनाचेच उलटे रूप आहे. एकाची नजर पुढच्या स्थळावर तर दुसऱ्याची मागच्या घरावर, आणि जेथे पाय आहेत ती जमीन दोघांच्याही लेखनातून निसटते.

उपाय म्हणून मी काही मोठे सुचवत नाही. रमाबाई, कोसंबी आणि चित्रे यांची ही तीन पुस्तके प्रवासवर्णनाच्या तासाला एकत्र वाचावीत आणि पाहणारा व राहणारा यांच्या गद्यात काय फरक पडतो, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. दुसरे, 'मी पाहिलेले प्रेक्षणीय स्थळ' हा निबंध काही काळ बाजूला ठेवून 'आमच्या घरचे या गावातले पहिले वर्ष' हा विषय द्यावा. भिवंडीच्या कोणत्याही वर्गात त्यावर लिहू शकणारी मुले निम्म्याहून कमी नसतील. त्यांचे मराठी कदाचित शुद्ध नसेल, वाक्यांत तेलुगू आणि उर्दूचे धागे असतील. अशा निबंधाला गुण कसे द्यायचे, हे मात्र आधी आपण शिक्षकांनी शिकून घेतले पाहिजे.