गिलक्याची भाजी आजाऱ्याची नव्हे

मंडळी, आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हल्ली दोन भाज्या शिजतात. मोठ्यांची झणझणीत, मुलांची फिकी. मला हे पटत नाही. वेगळ्या कढईतलं जेवणाऱ्या पोराला घरची चव कळायची कधी? उद्या हॉटेलातलं पनीरच त्याला आपलं वाटेल.

परसातली गिलकी घ्या, पुण्याचे पाहुणे त्यांना घोसाळी म्हणतात. कोवळी असतानाच तोडा. जून झाली की आत जाळी धरते, मग ती अंग घासायलाच बरी. अर्धा किलोला मूठभर भिजवलेली मूगडाळ. फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, हळद आणि एकच हिरवी मिरची, उभी चिरलेली, म्हणजे मुलांच्या ताटातून उचलता येते. पाणी घालू नका, गिलक्यांना भरपूर सुटतं. मीठ शेवटी, कारण फोडी आळून निम्म्या होतात. वर ओलं खोबरं, चिमूटभर साखर. (साखरेवरून आमच्याकडे अजून वाद होतात, होऊ देत.)

मुलं हिला ‘आजाऱ्याची भाजी’ म्हणतात, कारण आपणच तोंड वाकडं करून वाढतो. ज्याला तिखट हवं त्यानं ताटात लसणीची चटणी घ्यावी, शेव भुरभुरावी. इंदुरात शेवेला कोण नको म्हणतंय? कढई तेवढी एकच ठेवा.