कोळीवाडा म्हणजे शोभेची वस्तू नव्हे

मुंबईचा सागरी किनारा मार्ग जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही दिशांनी खुला झाला. १०.५८ किलोमीटरच्या या अभियांत्रिकी पराक्रमाचा अभिमान अवश्य बाळगावा. पण याच मार्गाच्या खांबांमधून होड्या सुखरूप बाहेर पडाव्यात, एवढ्यासाठी वरळीच्या कोळी बांधवांना वर्षानुवर्षे झगडावे लागले! खांबांमध्ये ६० मीटर अंतर पुरेसे आहे, असे तज्ज्ञ त्यांना समजावत होते. वारा आणि भरती-ओहोटी ज्यांच्या रक्तात मुरली आहे, त्यांना! अखेर २०२२ च्या डिसेंबरात १२० मीटरचे अंतर मान्य झाले. आधी विचारले असते, तर?

हीच वृत्ती सुशोभीकरणात दिसते. भिंती रंगल्या, दिवे लागले की कोळीवाडा सुधारला! मासळी सुकवायला मोकळी जागा, जाळी विणायला सावली, पहाटे बंदरावरून परतणाऱ्या भगिनींसाठी स्वच्छ शौचालय, या गोष्टी छायाचित्रात उठून दिसत नाहीत. सीमांकनाचे घोंगडे तर भिजतच पडते. सीमा नोंदल्या नाहीत, तर पिढीजात वस्तीला झोपडपट्टी ठरवणे बिल्डरांना सोपे जाते.

दोष केवळ शासनाचा आहे काय? नारळी पौर्णिमेची मिरवणूक कौतुकाने पाहणारा, गोल्फादेवीला ओटी भरणारा पांढरपेशा हिंदू समाज प्रभाग समितीच्या दारात या बांधवांसोबत कधी उभा राहिला? निर्माल्य मात्र त्यांच्याच किनाऱ्यावर टाकून तो निश्चिंतपणे घरी परततो.