दोन शेजाऱ्यांच्या गावात संसार

ब्राझीलच्या दक्षिणेला, पाराना राज्यात दोइस व्हिझिन्योस नावाचे छोटे शहर आहे. नावाचा अर्थ 'दोन शेजारी'. भोवती सोयाबीन-मक्याची शेती आणि शेतकऱ्यांच्या पोल्ट्री. या भागातली कोंबडी आखाती देशांतही जाते. त्यासाठी हलाल जबिहा करणारे हात लागतात. अशा कामासाठी निघणाऱ्या कुटुंबांनी आधी हिशेब मांडावा, असे आम्हाला वाटते.

भाड्याच्या घराला बहुधा जामीनदार मागतात. नवख्या परक्याला जामीन कोण राहणार? मग अनामत भरावी लागते. 1991 च्या कायद्यानुसार रोख अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. तेवढे पैसे गाठीशी नसतील, तर आधी कमावत्याने एकट्याने जावे. बायकामुलांना मागाहून न्यावे.

पुढचा खर्च झेपतो. सरकारी दवाखाना परदेशी माणसालाही मोफत आहे. सरकारी शाळेला फी नाही, मुलांना जेवणही मिळते. मात्र मांसाबद्दल शाळेत आधीच सांगून ठेवावे. तांदूळ, काळा राजमा, साबुदाण्याचा कंद, केळी हे तिथले रोजचे खाणे. तूरडाळ आणि बासमतीचा हट्ट धरला, की पगार पुरत नाही. अंघोळीचे पाणी विजेवर तापते, म्हणून जून-जुलैच्या थंडीत बिलाकडे लक्ष हवे.

आणि पोर्तुगीज पहिल्या दिवसापासून शिकावी. बोलता आले की शेजारी ओळखीचा होतो, आणि ओळखीचा शेजारी उद्या जामीनही राहतो.