कोर्लईच्या माथ्यावरचं चर्च कुणाचं?

कोर्लईला दीपगृहामागून वर चढलं की गडाच्या अरुंद धारेवर येतो आपण. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कुंडलिकेची खाडी, पलीकडे रेवदंडा. वर महादेवाचं देऊळ आहे, पाण्याचं टाकं आहे आणि छप्पर नसलेलं एक पोर्तुगीज चर्च आहे.

गडप्रेमींच्या ग्रुपमधला एक मुलगा टाक्यापाशी प्लास्टिक गोळा करत होता. रविवार सोडून उन्हात हे काम करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. मी चर्चमधल्या बाटल्या उचलायला वाकले, तर म्हणाला, “ते राहू द्या ताई, ते आपलं नाही.”

आपलं म्हणजे कुणाचं? हा गड 1594 मध्ये पोर्तुगिजांनी निजामशाहीकडून जिंकला आणि 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला. टाकं आपलं, तटबंदी आपली, त्याच तटाच्या आतलं चर्च तेवढं परकं, हा हिशोब मला कळत नाही.

सत्ताधारी निघून गेले. खाली गावातली ख्रिस्ती माणसं मात्र राहिली, कारण त्यांना जायला दुसरं गावच नव्हतं. पोर्तुगालशी संबंध तुटला आणि घराघरांत जी भाषा उरली तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्य मराठीच्या वळणाचं, क्रियापद शेवटी. जेमतेम हजारभर लोकांची ही भाषा, अभ्यासायला अमेरिकेतून क्लॅन्सी क्लेमेंट्स आले आणि 1996 मध्ये तिच्यावर पुस्तक काढलं. आपण अलिबागहून तासाभरात येतो आणि परकं म्हणून मोकळे होतो. मराठीने ज्या भाषेचं वाक्य घडवलं ती माणसं परकी कशी?

दुसरी जमात तर याहून वाईट. कमानीत उभं राहून रील, खाली ‘मिनी गोवा’. गोव्याचा काय संबंध? (पहिल्या खेपेला मीही याच कमानीत फोटो काढला होता. अजून डिलीट केलेला नाही.) तो मुलगा निदान चर्चला परकं म्हणण्याइतकं तरी ओळखतो. यांना ती फक्त बॅकग्राऊंड.

हे सगळं मी त्याला तिथेच ऐकवलं. तो वाद घालत राहिला. मी चार बाटल्या आणि वेफर्सचं पाकीट घेऊन दाराशी आले तेव्हा त्याने पोत्याचं तोंड उघडून धरलं, पण उंबऱ्याच्या बाहेरूनच.