सप्तपदी आणि पगाराची पावती

‘मुलगी लंडनला दिली’ हे वाक्य आपल्याकडे अजूनही जरा उंच आवाजात उच्चारले जाते. ते लंडन प्रत्यक्षात लेस्टर असते, बर्मिंगहॅम असते, कधी वेल्समधले एखादे लहानसे गाव असते; पण मांडवातल्या पाहुण्यांना त्याचे सोयरसुतक नसते. मुलीचा पासपोर्ट तयार आहे, मुलगा तिकडचा नागरिक आहे, मग अडचण कसली? लग्न झाले की दोघे एकत्र नांदणार, हे आपण गृहीतच धरलेले असते. परंतु समुद्रापलीकडे नांदायला जायचे तर सप्तपदीनंतर आणखी एक पाऊल टाकावे लागते, आणि त्या पावलाला साक्षी असतो बँकेचा खातेउतारा. या पावलाचे नाव ‘स्पाउस व्हिसा’. आपल्या महाविद्यालयात दरवर्षी कुणा ना कुणा मैत्रिणीचे ‘तिकडचे’ जमते, तरी याविषयी आपण क्वचितच बोलतो. म्हणून हा लेखप्रपंच.

आरंभीच एक फरक सांगितला पाहिजे. जो मुलगा नोकरीच्या परवान्यावर इंग्लंडात गेला आहे, त्याच्या बायकोला मिळतो तो आश्रिताचा व्हिसा. त्याचे नियम निराळे. तेही दार आता अरुंद झाले आहे. संशोधन करणारे सोडले तर बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना १ जानेवारी २०२४ पासून कुटुंब बरोबर नेता येत नाही, आणि वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या केअर-वर्करांना ११ मार्च २०२४ पासून ती मुभा राहिली नाही. मी येथे लिहिणार आहे ते दुसऱ्या प्रकाराविषयी: जोडीदार ब्रिटनचा नागरिक किंवा तिथला कायमचा रहिवासी आहे, आणि त्याच्याशी लग्न केलेल्या व्यक्तीला तिथे स्थायिक व्हायचे आहे.

या नियमांना इतिहास आहे, आणि तो फारसा भूषणावह नाही. कॉमनवेल्थमधील नागरिकांच्या येण्यावर ब्रिटनने १९६२ च्या कायद्याने बंधन घातले, तेव्हा तिथे राहणाऱ्या पुरुषांच्या बायकामुलांसाठी दार उघडे ठेवले होते. पुढे संशय वाढत गेला. जानेवारी १९७९ मध्ये हीथ्रो विमानतळावर, आपल्या नियोजित वराशी लग्न करण्यासाठी आलेल्या एका ३५ वर्षांच्या भारतीय शिक्षिकेची ‘कौमार्यचाचणी’ घेण्यात आली. ती खरोखर अविवाहित आहे की पत्नी असून वाग्दत्त वधू म्हणून आली आहे, हे म्हणे त्यातून ठरणार होते! वर्तमानपत्रांत बातमी फुटली, भारतात संतापाची लाट उसळली आणि तो प्रकार बंद झाला. तथापि २०११ साली जुन्या सरकारी दप्तरांतून उघड झाले की, असा अपमान निदान ऐंशी स्त्रियांच्या वाट्याला आला होता.

१९८० च्या नियमांत ‘मूळ हेतू’ची अट आली. बाहेरून येणाऱ्या नवऱ्याने सिद्ध करायचे की, लग्नाचा मूळ हेतू ब्रिटनमध्ये शिरण्याचा नव्हता. नसलेल्या हेतूचा पुरावा माणसाने आणायचा कोठून? तिथे स्थायिक झालेल्या तीन स्त्रिया, ज्यांच्या नवऱ्यांना तिथे राहण्याची परवानगी नाकारली गेली होती, स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या. पुरुषाला बायको आणणे सोपे आणि स्त्रीला नवरा आणणे कठीण, हा लिंगभेद आहे, असा निकाल २८ मे १९८५ रोजी लागला. सरकारने भेदभाव दूर केला, पण कसा? नवऱ्यांना लावलेल्या कसोट्या त्याच वर्षी बायकांनाही लावून! समता आली, ती दोघांनाही सारखेच अडवून. ‘मूळ हेतू’ची अट शेवटी १९९७ साली रद्द झाली.

मग हेतूची जागा पैशाने घेतली. जुलै २०१२ पासून नियम झाला की, परदेशी जोडीदार आणू इच्छिणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न निदान १८,६०० पौंड असले पाहिजे. ११ एप्रिल २०२४ रोजी ही रक्कम एका झटक्यात २९,००० पौंडांवर नेण्यात आली. आपल्या पैशात तीस लाखांहून अधिक. ती पुढे ३८,७०० वर नेण्याची घोषणा डिसेंबर २०२३ मध्येच झाली होती. नव्या सरकारने जुलै २०२४ मध्ये ती वाढ थोपवली आणि जून २०२५ मध्ये सरकारच्याच तज्ज्ञ समितीने तो आकडा गाठू नये असा सल्ला दिला. उत्पन्न कमी असेल तर शिल्लक दाखवता येते. पण नुसत्या शिलकीवर भागवायचे तर २९,००० च्या हिशेबाने ८८,५०० पौंड सहा महिने बँकेत असले पाहिजेत. तेवढी शिल्लक असलेला माणूस पगाराची चिंता कशाला करील?

आकडे कोरडे असतात, म्हणून त्यांचा अर्थ एका उदाहरणाने सांगते. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनमधले किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झाले. आठवड्याला ४० तास आणि वर्षाचे ५२ आठवडे, एकही तास बिनपगारी न दवडता काम केले, तर एकूण मजुरी होते सुमारे २५,४०० पौंड. म्हणजे सरकारने स्वतःच ठरवून दिलेल्या वेतनावर पूर्णवेळ राबणारा माणूस सरकारच्याच मते बायको आणायला अपात्र! शिवाय लंडन आणि वेल्समधले खेडे या दोन्ही ठिकाणी आकडा तोच. मुंबई आणि गडचिरोली यांना घरखर्चाची एकच फूटपट्टी लावावी, तसे हे झाले. अपंगत्वाचे काही भत्ते घेणाऱ्यांना या आकड्यातून सूट आहे, हे नमूद केले पाहिजे. पण सामान्य कष्टकऱ्याला नाही.

माझ्या चुलत बहिणीचे लग्न मे २०२४ मध्ये झाले. साखरपुडा आदल्या दिवाळीनंतरचा. मुलगा तिथेच जन्मलेला, एका गोदामात कामाला, पगार २४,००० पौंडांच्या आसपास. साखरपुड्याच्या दिवशी तो नियमात बसत होता. लग्नाच्या दिवशी बसत नव्हता. मधल्या काळात त्याचा पगार घटला नव्हता, बदलला होता तो फक्त कायद्यातला आकडा. त्याने शनिवार-रविवारचे दुसरे काम धरले, आणि वाढलेल्या कमाईच्या सहा महिन्यांच्या पावत्या हाती येईपर्यंत ताई माहेरीच राहिली. गावात विचारणा सुरू झाली: ‘अजून नेली नाही का?’ या प्रश्नातला डंख ज्याने सोसला आहे त्यालाच कळेल. आई-काकू उत्तर द्यायच्या, ‘कागद व्हायचेत.’ ताई येथे एका पतसंस्थेत नोकरी करीत होती. तिचा पगार हिशेबात धरण्यासारखा नव्हता, कारण अर्ज परदेशातून असेल तर सामान्यतः तिथल्या जोडीदाराचीच कमाई मोजतात. ती एकदा म्हणाली, ‘मी त्यांची बायको आहे की त्यांच्या पगाराची पुरवणी?’ याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. २०२५ मध्ये व्हिसा आला आणि ती गेली. अर्जासोबतचा खर्चही सांगून ठेवते: एप्रिल २०२५ पासूनचे शुल्क १,९३८ पौंड आणि आरोग्यसेवेचा अधिभार ३,१०५ पौंड. हे सारे विमानात पाय ठेवण्यापूर्वी.

आता दुसरी बाजू. कोणत्याही देशाला आपल्या दारातून कोण येतो हे पाहण्याचा अधिकार आहे, हे मला मान्य आहे. खोटी लग्ने होतात, मुलींना फसवून किंवा दडपून बोहल्यावर चढवले जाते, हेही खरे. नवरा-बायको प्रत्यक्ष भेटलेली असावीत, नाते खरे असावे, क्षयाची तपासणी झालेली असावी, या अटींना कोणी सुज्ञ माणूस हरकत घेणार नाही. पण पैशाच्या अटीचे समर्थन ‘करदात्यावर भार नको’ असे केले जाते, तेव्हा काही प्रश्न विचारावेसे वाटतात. या व्हिसावर येणाऱ्याला सरकारी मदतीचे भत्ते मुळातच मिळत नाहीत. रुग्णालयाचा अधिभार तिने आगाऊ भरलेला असतो. तिला तिथे नोकरी करण्याची मुभा असते. मग भार पडतो तो कोठे? उलट जोडीदार आला तर घरात दुसरी कमाई येते. त्याला अडवले तर एकट्याने मूल सांभाळणाऱ्याची कमाई घटते. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची अट बेकायदा ठरवली नाही. परंतु नियमांनी मुलांच्या हिताचा पुरेसा विचार केलेला नाही, असे स्पष्ट सांगितले. आईला किंवा बापाला केवळ मोबाइलच्या पडद्यावर ओळखणारी मुले हा या हिशेबातला खरा खर्च आहे, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेला नसतो.

भाषेच्या अटीविषयी आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी वेगळा विचार करावा. नोव्हेंबर २०१० पासून जोडीदाराला इंग्रजी बोलण्याची आणि समजण्याची प्राथमिक परीक्षा द्यावी लागते. ज्याने इंग्रजी माध्यमातून पदवी घेतली आहे, त्याला ठरावीक संस्थेचा दाखला आणून ती टाळता येते. मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या माझ्या ताईला ती द्यावी लागली. परीक्षा अवघड नाही. ज्ञानेश्वरीवर निबंध लिहिणाऱ्या मुलीने आपले नाव, गाव आणि आवडता पदार्थ इंग्रजीत सांगायचा असतो. मला ही अट पूर्णपणे अन्यायाची वाटत नाही. परक्या गावात डॉक्टरशी, पोलिसाशी, शेजारणीशी स्वतःच्या तोंडाने बोलता येणे हे नव्या सुनेचे संरक्षणच आहे. पण ज्या खेड्यातल्या बाईला शिकवणी उपलब्धच नाही, तिला नवऱ्यापासून दूर ठेवून भाषा येईल कशी? भाषा शिकायची तर ती जिथे बोलली जाते तिथे जाऊ द्यावे, हे साधे शहाणपण आहे.

मात्र मला सर्वांत अधिक बोचते ती गोष्ट व्हिसा मिळाल्यानंतरची. पहिला परवाना ३३ महिन्यांचा. मग पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, पुन्हा ३० महिने. पाच वर्षांनंतर कायमच्या वास्तव्याचा अर्ज. २०१२ पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. या पाच वर्षांत तिचे तिथले पाऊल नवऱ्याशी असलेल्या नात्यावर टेकलेले असते. नाते तुटले की त्या परवान्याचा आधार गेला. सुखी संसारात हे जाणवतही नाही. पण नवरा हात उगारणारा निघाला तर? ‘जास्त बोललीस तर परत पाठवीन,’ या धमकीत कायद्याचे बळ आपोआप मिसळते. लंडनच्या साउथॉल भागात १९७९ साली स्थापन झालेल्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या स्त्रियांच्या संघटनेने याविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. त्याचे फळ म्हणजे छळ झालेल्या पत्नीला नवऱ्याविनाही कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो, आणि २०१२ पासून तो अर्ज करीपर्यंत तात्पुरता परवाना व सरकारी मदत मागता येते. ही तरतूद किती आई-बापांना ठाऊक आहे? मुलीच्या पेटीत आपण शालू ठेवतो, पुरणयंत्र ठेवतो, मेतकूट-लोणची ठेवतो. हा एक कागद ठेवीत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. माणसाच्या नात्याची किंमत त्याच्या पगारावरून करणारा कायदा अन्याय्य आहे, मग तो कितीही सभ्य इंग्रजीत लिहिलेला असो. श्रीमंताचे प्रेम खरे आणि गोदामात पेट्या उचलणाऱ्याचे संशयास्पद, असे कोणतेही धर्मशास्त्र किंवा नीतिशास्त्र सांगत नाही. पण तो कायदा बदलणे आपल्या हाती नाही. आपल्या हाती आहे ते एवढेच की, त्याखाली जाणारी मुलगी डोळे उघडे ठेवून जावी.

म्हणून माझ्या मैत्रिणींना माझे सांगणे आहे. ‘तिकडचे’ स्थळ आले की पत्रिका जरूर पाहा. त्याआधी मुलाचा नेमका दर्जा पाहा. तो नागरिक आहे, कायमचा रहिवासी आहे की नोकरीच्या परवान्यावर आहे, हे विचारण्यात कसला आला संकोच? त्याच्या कमाईचा आकडा आणि त्या दिवशीचा नियमातला आकडा शेजारी शेजारी मांडा. विवाहाची नोंदणी लगेच करा. मराठीतल्या कागदांचे इंग्रजी अनुवाद रीतसर करून घ्या. अर्ज दुसऱ्याने भरला तरी सही करण्यापूर्वी स्वतः वाचा. पासपोर्ट आणि सर्व कागदांच्या प्रती स्वतःजवळ ठेवा, एक संच माहेरी ठेवा. नोकरी सोडण्याची घाई करू नका. व्हिसाची वाट पाहण्याचे महिने पगाराविना फार लांब होतात.

आणि आमच्या प्राध्यापकवर्गाला एक नम्र विनंती. आपण दरवर्षी स्पर्धा-परीक्षांवर व्याख्यान ठेवता. एक दुपार या विषयालाही द्यावी. अर्थशास्त्राच्या सरांनी उत्पन्नाची अट समजावून द्यावी, राज्यशास्त्राच्या बाईंनी नागरिकत्व म्हणजे काय ते सांगावे, इंग्रजी विभागाने तो अर्ज आमच्याकडून एकदा भरून घ्यावा. त्या वर्गाला मुलांनीही यावे, कारण उद्या कदाचित बायकोच्या पगारावर त्यांचाच अर्ज जायचा आहे. तेव्हा त्यांना कळेल की, दुसऱ्याच्या पावतीवर आपले घर अवलंबून असणे म्हणजे काय असते.